सरासरीत हरवलेली मुले

आमचे घर आणि दुकान दोन्ही कासार आंबोलीस. पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरंगुट ओलांडले की हे गाव लागते. लोखंडी सामान, नळ, रंग आणि त्यांचे सुटे भाग असा आमचा व्यापार. या दुकानाच्या गल्ल्यामागे स्टुलावर बसून माझा पुतण्या वयाच्या सातव्या वर्षी बिलातून बारा टक्के सूट वजा करी, राहिलेल्या रकमेवर अठरा टक्के जीएसटी चढवी आणि आकडा तोंडी सांगे. मुनीमजी कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहत आणि काही न बोलता बिल फाडत. पाठशाळेत भक्तामर स्तोत्राचे अठ्ठेचाळीसही श्लोक त्याने पुस्तक न उघडता, केवळ ऐकून मुखोद्गत केले होते.

तोच मुलगा तिसरीत ‘माझे घर’ या विषयावर पाच ओळी लिहू शकला नाही. ‘घर’चे ‘रघ’ होई. काना एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाई. तिसऱ्या ओळीपर्यंत पेन्सिल इतकी दाबली जाई की कागद फाटे. वहीवर शेरा आला, ‘आळशी. लक्ष देत नाही.’ शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. असा शेरा पुष्कळ शाळांच्या वह्यांत सापडेल.

घरात दोन तट पडले. सासरे म्हणत, “शिकून त्याला कोठे नोकरी करायची आहे? दहावी झाली की गादीवर बसेल.” माझे दीर म्हणत, “बाबूजी, याला शिस्त नाही. वसतिगृहाच्या शाळेत टाकू.” धाकटी जाऊ कोणाशीच बोलत नसे. रात्री त्याच्या वह्या स्वतः पूर्ण करून देई. लग्नापूर्वी मी दोन वर्षे शाळेत शिकविले होते, एवढ्याच भांडवलावर मी या प्रकरणात पडले.

या कोड्याची नोंद जुनी आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळात तरबेज होता, अंक सहज वाचत होता. मात्र अनेक वर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नसत. त्याच्या शिक्षकांचे मत असे होते की, सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. आज ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो त्याच्या अगदी पहिल्या वर्णनांपैकी हे एक. आणि ते एका बुद्धिमान मुलाचे आहे. विशेष बुद्धी आणि विशेष अडचण एकत्र असलेल्या अशा मुलांना इंग्रजीत ‘ट्वाइस एक्सेप्शनल’, म्हणजे दोन्ही अंगांनी वेगळी, असे म्हटले जाते. अडचण अक्षरांचीच असते असे नाही. कोणाला स्वमग्नता असते, कोणाचे चित्त एका जागी ठरत नाही, कोणाला ऐकू किंवा दिसायला कमी असते.

ही मुले नजरेतून का सुटतात, हे व्यापारी घराला सांगणे सोपे आहे. एका पेढीची दोन दुकाने आहेत. एकात चांगला नफा आहे, दुसऱ्यात तेवढाच तोटा. दोन्हींचा एकत्र ताळेबंद पाहणारा म्हणेल, ठीक चालले आहे. मुलाच्या गुणपत्रिकेचेही तसेच होते. बुद्धीच्या जोरावर तो अडचण झाकून नेतो, अडचणीमुळे बुद्धी झाकली जाते, आणि हाती येतो ‘मध्यम’ हा शेरा. मध्यम मुलासाठी कोणी धावपळ करीत नाही.

आम्ही आधी डोळे आणि कान तपासून घेतले, कारण तपासणीची सुरुवात तेथूनच व्हायला हवी. मग बुद्धिमापन झाले. आपल्याकडे दीर्घकाळ वापरात असलेल्या चाचण्यांपैकी एक डॉ. मलिन यांनी नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रात भारतीय मुलांसाठी तयार केली. तिच्यात शाब्दिक आणि कृतींचे असे दोन भाग असून एकूण अकरा उपचाचण्या आहेत. अहवालाच्या शेवटी एक एकत्रित अंक असतो आणि पालकांची दृष्टी तेथेच जाते. आमच्या समुपदेशक बाईंनी तो अंक हाताने झाकला व म्हणाल्या, “आधी खाती पाहा, मग बेरीज.” अंकगणित आणि दोन गोष्टींतले साम्य ओळखणे यांत मुलगा वयाच्या फार पुढे होता. खुणा पाहून भराभर उतरवून काढण्याच्या चाचणीत फार मागे. सरासरी मात्र अगदी चारचौघांसारखी.

देवनागरी ही उच्चाराशी इमान राखणारी लिपी आहे हे खरे. इंग्रजीसारखा स्पेलिंगचा लहरीपणा तिच्यात नाही. तरी क्रमाचा गोंधळ होणाऱ्या मुलाला ती वेगळ्या प्रकारे छळते. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ उच्चारायचा, पण लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची. ‘सूर्य’मधला ‘र’ बोलताना ‘य’च्या आधी येतो, लिहिताना ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे, वेलांटी कधी डावीकडे कधी उजवीकडे. आपण हे सारे न कळत करतो. त्याला प्रत्येक अक्षराशी थांबून ठरवावे लागते, आणि तोवर वाक्य डोक्यातून निघून जाते. शिवाय आमच्यासारख्या घरांत बोलणे मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी, स्तोत्र संस्कृत, नवकार प्राकृत आणि शाळेत इंग्रजी. या संपन्नतेचे ओझे कोणाच्या पाठीवर पडते, हा विचार आम्ही कधी केला नव्हता.

आता प्रमाणपत्राचा प्रश्न आला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम १६ सरकारमान्य शाळांना सांगते की, मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी. २०१८ साली केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ, लेखनिक, भाषेतून सूट अशा सवलतींची वाट या कागदातून जाते.

सासऱ्यांनी कागद बाजूला सारला. “घरच्या मुलाला आपण होऊन दिव्यांग लिहून घ्यायचे? उद्या त्याचे लग्न निघेल. त्याच्या बहिणीचे निघेल.” त्यांचे बोलणे मला रुचले नाही, पण ते खोटे होते असे म्हणवत नाही. आपल्या समाजात स्थळाची चौकशी किती दूरवर पोचते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. दोन महिने हा विषय बंद राहिला. शेवटी दीर म्हणाले, “बाबूजी, उधारी आहे हे वहीत न लिहिल्याने ती फिटत नाही.” सासरे त्यावर काही बोलले नाहीत. तारीख ठरली त्या दिवशी मात्र रुग्णालयात ते स्वतः बरोबर आले.

सवलती घेताना एक सावधगिरी आम्हाला उमगली. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना दहावीला सोपे गणित घेण्याची मुभा देण्याची पद्धत राज्यात आहे. पुष्कळ मुलांना ती तारते. आमच्या मुलाला तीच बुडवील, कारण गणित हीच त्याची मिळकत आहे. सवलतींचा संपूर्ण ठेका घ्यायचा नसतो. हवी तेवढीच घ्यायची असते.

याच काळात आमच्या हातून मोठी चूक झाली. अडचण कळल्यावर आम्ही सारे तिच्यावर तुटून पडलो. रोज संध्याकाळी विशेष शिकवणी, रविवारी शुद्धलेखन, आणि “आधी लिहायला शीक” म्हणून गल्ल्यावर बसणे बंद. चार महिन्यांत अक्षर थोडे सुधारले. मुलगा मात्र गप्प झाला. एकदा गिऱ्हाइकाने कौतुकाने हिशेब विचारला, तर म्हणाला, “मला येत नाही. मी ढ आहे.” त्या रात्री जाऊ प्रथमच मोठ्याने रडली. शिकवणीच्या बाईंनीच आम्हाला खडसावले. जे येत नाही त्याला जितका वेळ देता, तितकाच जे येते त्यालाही द्या, नाहीतर मी शिकवणे थांबवते, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा गल्ल्यामागे गेले.

शाळेचा शोध चौथीच्या वर्षी सुरू झाला. प्रज्ञावंत मुलांचा विचार महाराष्ट्रात प्रथम गांभीर्याने झाला तो पुण्यात. १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. १९६९ साली तिची प्रशाला निघाली. बुद्धी म्हणजे एकच राशी नसून तिला पुष्कळ पैलू असतात, या गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीवर तेथील चाचण्या उभ्या राहिल्या. मला ही दृष्टी फार मोलाची वाटते. दुसऱ्या टोकाला विशेष शाळा आहेत. १९६४ पासून कामायनीसारख्या संस्थेने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी पुण्यात काम केले आहे. आमचा मुलगा या दोन टोकांच्या मधला. एकीकडे लेखनाचा वेग आडवा येणार, दुसरीकडे त्याच्या बुद्धीला खाद्य मिळणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभेच्या मुलांना उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे. अडचणीसाठी जसा कायदा आहे तसा प्रतिभेसाठी नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा विचारही झाला. तेथे माध्यमिक परीक्षेला पाच विषय पुरतात, एक भाषा चालते, आणि पाच वर्षांत नऊ वेळा संधी मिळते. वाट चांगली आहे, पण दहाव्या वर्षी त्याला सवंगडी हवे होते.

आम्ही सहा शाळा पाहिल्या. एका ठिकाणी दिरांनी वर्गखोलीसाठी देणगीची गोष्ट काढली. आपल्याकडे ही रीतच आहे. देणगीने खोली होते, दारावर नाव लागते, मुलाला समजून घेणारा शिक्षक त्यातून मिळत नाही. इमारती, जलतरण तलाव, परदेशी अभ्यासक्रमाची माहितीपत्रके यांतून काहीच कळेना. मग आम्ही सर्वत्र एकच प्रश्न विचारू लागलो, “याची इतिहासाची परीक्षा तोंडी घ्याल का?” कोणी म्हणाले, नियमात बसत नाही. कोणी म्हणाले, एकाला दिले तर सगळे मागतील. पाचव्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी उत्तर दिलेच नाही. त्यांनी शिक्षकांना बोलावले आणि मुलाला पुरंदरच्या तहाविषयी विचारायला सांगितले. तो म्हणाला, “तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले. म्हणजे आधी पस्तीस होते. पण सर, कोणते द्यायचे हे कोणी ठरवले?” शिक्षक खुर्ची ओढून बसले आणि पंधरा मिनिटे आम्हा मोठ्यांकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. सहावी शाळा आम्ही केवळ ठरलेली वेळ पाळायची म्हणून पाहिली.

शाळा साधी आहे, कोथरूडच्या बाजूची. विशेष शिक्षिका आठवड्यातून तीन दिवस त्याला वेगळ्या खोलीत नेतात. पाहणे, ऐकणे, बोलणे आणि हाताने गिरवणे एकाच वेळी, अशी ती पद्धत. ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ती घडवली. येथे रांगोळीच्या ताटात अक्षरे गिरवली जातात. गणिताला तो वरच्या वर्गात जाऊन बसतो. काही शनिवारी आम्ही त्याला विद्यापीठाच्या आवारातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत नेतो. अरविंद गुप्ता यांनी तेथे वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. तशी खेळणी आता आमच्या दुकानातल्या नळाच्या तुकड्यांतून होतात आणि मुनीमजींना साठा जुळवताना त्रास होतो.

सारे सुरळीत झाले असे नाही. शाळेला जाण्या-येण्यात त्याचा फार वेळ जातो. चांदणी चौकात सकाळी काय होते ते सर्वांना माहीत आहे. नव्या वर्गशिक्षिका आल्या की सर्व पुन्हा समजावून सांगावे लागते. त्यासाठी जावेने एका पानाची टीप करून ठेवली आहे. वर्गातल्या एका मुलाने “तुला जास्त वेळ का मिळतो?” असे विचारले, त्याचे उत्तर तो अजून शोधतो आहे. हस्ताक्षर फारसे सुधारणार नाही, असे विशेष शिक्षिकांनी स्पष्ट सांगितले आहे.

म्हणून या दिवाळीपासून त्याला संगणकावर मराठी टंकलेखन शिकवायला घेतले. पहिल्याच दिवशी तो पळत आला. “काकू, इथे ‘कि’ लिहायला आधी ‘क’ दाबायचा आणि मग वेलांटी. ती आपली आपण मागे जाते!” उच्चाराचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम त्याच्यासाठी प्रथमच एक झाला होता. शाळेच्या परीक्षेत संगणक वापरू द्यावा असा अर्ज आम्ही दिला आहे. मुख्याध्यापिका अनुकूल आहेत. दहावीला काय करायचे, हे विचारण्यासाठी दीर पुढील आठवड्यात मंडळाच्या कार्यालयात जाणार आहेत. कागदपत्रांची पिशवी सासऱ्यांनी आताच भरून ठेवली आहे.