विश्लेषण : गाडीचा ‘क्राउन-पिनियन’ घरी बदलता येतो का?

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे निघालेल्या भरल्या पिकअपच्या मागून ‘हूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला, की चालकाच्या पोटात गोळा येतो. दीड टन माल म्हणजे २० किलोचे ७५ क्रेट. गाडी वाटेत बसली, तर दुसरी गाडी मिळेपर्यंत माल उन्हात राहतो. आवाज ऐकून गॅरेजवाला सांगतो, ‘क्राउन-पिनियन गेला’. मग खर्चाचा आकडा ऐकून घरातला कुणी तरी मोबाइलवर परदेशी स्पोर्ट्स कारचा व्हिडीओ दाखवतो. त्यात दोन मित्र घरच्या शेडमध्ये मागचे गिअर एका सुट्टीत बदलतात. आपल्या अंगणात हे जमेल का?

डिफरन्शियल नेमके काय करतो?

इंजिनाची फिरण्याची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टने मागे येते. मागच्या एक्सलच्या मध्यभागी जो गोल फुगवटा दिसतो, त्यात डिफरन्शियल असतो. शाफ्टला जोडलेला लहान दातेरी गिअर म्हणजे पिनियन आणि त्याने फिरणारे मोठे दातेरी कडे म्हणजे क्राउन. ही जोडी फिरण्याची दिशा काटकोनात वळवते, वेग कमी करते आणि ओढ वाढवते. क्राउनच्या आतले छोटे गिअर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर घाटातल्या अर्धगोल वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.४ मीटर जास्त धावते. हा फरक सोसला गेला नाही, तर टायर घासतील किंवा एक्सल तुटेल. ही रचना जुनी आहे. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये तिचे पेटंट घेतले.

‘रेशो’ म्हणजे काय आणि तो का बदलतात?

क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ११ दात असतील, तर रेशो ३.७३. चाक एकदा फिरायला शाफ्ट ३.७३ वेळा फिरतो. पिनियनचे दात १० केले, तर रेशो ४.१०. आकडा वाढला की त्याच गिअरमध्ये चाकाला सुमारे १० टक्के जास्त ओढ मिळते. स्पोर्ट्स कारचे शौकीन झटपट वेग घेण्यासाठी हे करतात. जीपवाले मोठे टायर लावल्यावर गेलेली ओढ परत मिळवण्यासाठी करतात.

पण फुकट काहीच मिळत नाही. टायरचा घेर २.१ मीटर आणि टॉप गिअर एकास एक धरला, तर ताशी ८० किमीला इंजिन ३.७३ रेशोवर मिनिटाला सुमारे २३७० फेरे घेते, ४.१० वर सुमारे २६००. पुणे-नाशिक महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीला हे डिझेलच्या बिलात दिसते. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग मोजत असेल, तर तोही खऱ्यापेक्षा जास्त वेग आणि जास्त किलोमीटर दाखवू लागतो. फोर बाय फोर गाडीत तर पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा. फक्त मागचा बदलून डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावले, तर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि काही तरी तुटते.

त्यामुळे माल वाहणाऱ्या गाडीसाठी प्रश्न बहुधा रेशो बदलण्याचा नसतोच. झिजलेली जोडी काढून त्याच रेशोची नवी बसवायची असते.

आवाज आला म्हणजे क्राउन-पिनियनच गेला का?

नाही, आणि इथेच बरेच पैसे वाया जातात. झिजलेला टायर आणि चाकाचे बेअरिंगही असाच आवाज करतात. आवाज कधी येतो ते आधी पाहावे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर सूर बदलत असेल, तर संशय गिअरच्या दातांवर जातो. माळशेज उतरताना किंवा भीमाशंकरहून घोडेगावकडे येताना गाडी इंजिनाच्या ब्रेकवर असते. तेव्हा दातांच्या दुसऱ्या बाजूवर भार येतो. चढताना शांत असलेली गाडी उतरताना ओरडू लागते, ती यामुळे. सतत घरघर असेल तर बेअरिंग तपासावे. निघताना ‘टक्’ असा एकच ठोका येत असेल, तर आधी शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट बघावा. तो तुलनेने फार स्वस्त पडतो.

मग तेल काढून पाहावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. धातूचे तुकडे असतील तर गाडी बाजाराला नेऊ नये. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांनी हे वर्षातून एकदा तरी पाहायलाच हवे. एक्सलवरची छोटी हवानळी चिखलाने बंद झाली, तर आतला दाब सील ढकलतो आणि तेल थेट मागच्या ब्रेकवर येते.

घरी करताना अडते कुठे?

खोलणे अवघड नाही. अडते ते पुन्हा बसवताना. हे काम ताकदीपेक्षा मोजमापाचे आहे. पिनियन किती आत बसतो, हे त्याच्या बेअरिंगमागच्या पातळ पोलादी चकत्यांनी, म्हणजे शिमने ठरते. दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक, गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’, अनेक गाड्यांत साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा. ही मोकळीक हाताने हलवून कळत नाही, डायल गेज लागतो. कमी राहिली तर दात तापून चिकटतात, जास्त राहिली तर आदळून तुटतात. मालासह घाट उतरताना गिअर जाम झाला, तर मागची चाके जागीच अडकू शकतात.

तिसरे माप पिनियनच्या बेअरिंगवरच्या ताणाचे. अनेक गाड्यांत तिथे दाबली जाणारी नळी असते, ती नट आवळताना चेपते. जरा जास्त आवळले गेले तर नट मागे फिरवून उपयोग नाही. नळी नवी टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शेवटी दातांना रंग लावून, गिअर फिरवून ठसा पाहतात. तो दाताच्या टोकावर किंवा मुळाशी न पडता मधोमध पडायला हवा. चुकला तर शिम बदला, पुन्हा जोडा, पुन्हा ठसा घ्या. अनुभवी मेकॅनिकलाही हे दोन-तीनदा करावे लागते. दोन मिनिटांच्या व्हिडीओत नेमका हाच भाग कापलेला असतो.

क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. म्हणून फक्त खराब झालेला एक बदलणे ही बचत नव्हे. जोडीच बदलावी लागते.

सर्वात मोठा धोका कोणता?

गाडी अंगावर पडण्याचा. मागची चाके उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो. प्रोपेलर शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवूनही थांबत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी हवी. मातीच्या अंगणात जॅक रुततो. काँक्रीटच्या सपाट जागेवर, चेसिसखाली मजबूत लोखंडी स्टँड लावल्याशिवाय कुणी गाडीखाली जाऊ नये. नुसत्या जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर तर कधीच नाही.

कायदा काय म्हणतो?

खराब भागाच्या जागी त्याच मापाचा भाग टाकणे ही दुरुस्ती. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रेशो बदलण्याचा विचार असेल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारलेले बरे. वॉरंटीतली गाडी घरी खोलूच नये.

मग मधला मार्ग आहे का?

आहे. काही गाड्यांत क्राउन-पिनियनचा पूर्ण संच एक्सलच्या पुढच्या बाजूने एकत्र निघतो. दोन जणांनी तो घरी उतरवावा, सेटिंगसाठी डायल गेज असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावा आणि जुळवून आणलेला संच परत बसवावा. मजुरी वाचते आणि मोजमाप जाणत्या हातात राहते. संच जड असतो, तो छातीवर घेऊ नये, खाली जॅक लावावा. ज्या गाड्यांत गिअर एक्सलच्या घरातच जुळवावे लागतात, त्या मात्र सरळ वर्कशॉपमध्ये न्याव्यात. तिथे एकच प्रश्न विचारावा : प्ले किती ठेवला? उत्तर आकड्यात आले पाहिजे.

तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचेच भरावे. अशा गिअरला बहुधा जीएल-५ लागते. नवी जोडी बसवल्यावर पहिले २०-३० किलोमीटर रिकामी गाडी हळू चालवून ती पूर्ण थंड होऊ द्यावी. पुढचे काही शे किलोमीटर भरपूर माल टाळावा आणि मग तेल बदलावे. म्हणजे हे काम बाजार सुरू झाल्यावर काढण्याचे नाही. टोमॅटोची रोपे शेतात लागतात, तेव्हाच गाडीच्या मागच्या आवाजाकडे कान द्यावा.