४५ सेकंद आणि आपला पाऊस

बुलढाणा त्या यादीत नव्हता. ६ मे २०२५ला सगळ्यांच्या फोनवर फिरलेली ती यादी आठवते ना? दुसऱ्या दिवशी देशभर मॉक ड्रिल होणार, भोंगे वाजणार, ब्लॅकआऊट होणार आणि महाराष्ट्रात हे कुठं कुठं होणार, त्याची १६ नावं. मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक, मनमाड, भुसावळ वगैरे. भुसावळ म्हणजे मलकापूरहून रेल्वेनं पन्नास किलोमीटर. तिथं मोठं जंक्शन आहे, आयुध निर्माणी आहे. आपल्याकडे त्यातलं काही नाही. त्यामुळं कट्ट्यावरचा सूर साधारण असा होता : काऊन टेन्शन घेऊन राह्यला, आपल्याइथं हाये काय उडवायले?

तर्क म्हणून हे चूक नाही. साध्या बॉम्बच्या लढाईत अंतर कामाला येतं. पण भारत आणि पाकिस्तान ही नुसती शेजारी राष्ट्रं नाहीत, दोन्ही अण्वस्त्रधारी आहेत. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या २०२५च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८० अण्वस्त्रं आहेत, पाकिस्तानकडे सुमारे १७०. ती वापरायची वेळ कशी येऊ शकते आणि आलीच तर घाटावरच्या आणि घाटाखालच्या आपल्या गावांचं काय, हे दोन प्रश्न त्या चार दिवसांत फारसे कुणी विचारले नाहीत. आपण स्टेटस ठेवण्यात बिझी होतो. ‘एकदाच काय तो निकाल लावून टाका’ हे त्यातलं सगळ्यात लाडकं.

दहा मेची सकाळ

घटनाक्रम थोडक्यात सांगते. २२ एप्रिलला पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांचा जीव घेतला. ७ मेच्या पहाटे भारतानं ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये नऊ ठिकाणी हल्ले केले. मग ड्रोन आले, क्षेपणास्त्रं आली, नियंत्रण रेषेवर तोफा सुरू झाल्या. १० मेच्या पहाटे भारतानं पाकिस्तानच्या हवाई तळांवर मारा केला. त्यातला एक रावळपिंडीचा नूर खान तळ. पाकिस्तानी लष्कराचं मुख्यालय याच शहरात आहे आणि अण्वस्त्रांची देखरेख करणारा त्यांचा विभागही या तळाच्या जवळच आहे.

त्याच सकाळी बातमी आली की पाकिस्तानच्या पंतप्रधानांनी ‘नॅशनल कमांड अथॉरिटी’ची बैठक बोलावली आहे. अण्वस्त्रांबद्दलचे निर्णय घेणारी ही समिती. थोड्या वेळानं त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं की अशी बैठक झालेली नाही आणि ठरलेलीही नाही. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा आपल्या महासंचालकांना फोन आला आणि संध्याकाळी ५ वाजल्यापासून थांबायचं ठरलं.

इथपर्यंत आपल्याला माहीत होतं. पुढचा तपशील जुलैमध्ये बाहेर आला. पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्लाह एका टीव्ही मुलाखतीत बोलून गेले की नूर खानच्या दिशेनं ब्रह्मोस येत होतं, तेव्हा त्याच्यावर अण्वस्त्र आहे की नाही हे ठरवायला त्यांच्या लष्कराकडे ३० ते ४५ सेकंद होते.

राजकारण्याचं बोलणं आहे, त्यात थोडा मीठमसाला असेल असं धरून चाला. तरीही हिशेब फार बदलत नाही. ब्रह्मोस आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगानं जातं आणि रडारवर दिसणाऱ्या ठिपक्याच्या पोटात काय आहे हे लिहिलेलं नसतं. नेट स्लो असलं की ४५ सेकंदांत आपलं यूपीआयचं पेमेंटसुद्धा होत नाही. तेवढ्या वेळात समोरच्यानं ठरवायचं की हे नेहमीचं आहे की ‘ते’ आहे.

आणि घाईत चुका होतात. हे मी अंदाजानं म्हणत नाही, उदाहरणं आपलीच आहेत. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ला, पाकिस्तानी विमानं आलेली असताना श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपल्याच हवाई संरक्षण दलाच्या क्षेपणास्त्रानं आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. वायुसेनेचे सहा जण गेले. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यातले एक. शत्रूचं समजून आपलं पाडलं गेलं. ती मोठी चूक होती, हे वायुसेनाप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य केलं.

दुसरं उदाहरण तर अजून अंगावर येतं. ९ मार्च २०२२ला भारताकडून एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात सव्वाशे किलोमीटर आत, मियां चन्नू इथं जाऊन पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, कुणी मेलं नाही. भारतानं दोन दिवसांनी चूक जाहीर केली, ऑगस्टमध्ये वायुसेनेच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. विषय मिटला, कारण तो मार्च शांत होता. हेच क्षेपणास्त्र ९ मे २०२५च्या रात्री चुकून सुटलं असतं तर?

शिडी

मुळात नूर खानपर्यंत आपण पोचलो कसे? एका रात्रीत नाही. २०१६मध्ये उरीनंतर सर्जिकल स्ट्राइक झाला तो नियंत्रण रेषेच्या लगत. २०१९मध्ये पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यातले दोघे आपले होते : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्या आठवड्यात जिल्ह्यात ज्यानं त्यानं बदला मागितला, आणि तो राग खोटा नव्हता. मग बालाकोट झालं, पाकव्याप्त काश्मीर ओलांडून थेट पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वात. २०२५मध्ये लक्ष्य होतं पाकिस्तानी पंजाबमधलं बहावलपूर आणि मुरीदके, आणि चौथ्या दिवशी रावळपिंडी.

प्रत्येक पायरी चढताना दोन्हीकडे हेच वाटतं की मागच्या वेळी एवढं केलं, आता त्याहून कमी कसं चालेल. यालाच अभ्यासक चढती शिडी म्हणतात. शिडीच्या टोकाला काय आहे हे दोन्ही देशांनी सांगून ठेवलंय. ४ जानेवारी २००३ला भारतानं जाहीर केलेलं धोरण असं : आम्ही पहिल्यांदा वापरणार नाही, पण आमच्या भूमीवर किंवा कुठंही असलेल्या आमच्या सैन्यावर अण्वस्त्र वापरलं गेलं तर उत्तर प्रचंड असेल. पाकिस्ताननं असं ‘पहिल्यांदा नाही’चं वचन दिलेलं नाही. उलट त्यांच्याकडे ‘नस्र’ नावाचं ६० ते ७० किलोमीटर पल्ल्याचं छोटं क्षेपणास्त्र आहे, भारतीय रणगाडे आत घुसले तर त्यांच्यावर टाकण्यासाठी.

आता हे दोन्ही एकत्र वाचा. त्यांच्या हिशेबानं ‘छोटं’, त्यांच्याच वाळवंटात पडलेलं एक अस्त्र. आपल्या धोरणात छोटं-मोठं असा फरकच नाही. सगळ्यात मोठी भीती मला या फटीची वाटते. कुणी वेडा माणूस बटण दाबेल याची नाही, तर दोन शहाणी माणसं आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर वागतील याची.

या सगळ्यात आपला फोनही होता. कराची बंदर उडालं, इस्लामाबाद पडलं, असं ८ मेच्या रात्री टीव्हीवर ओरडून सांगितलं गेलं. दोन्ही खोटं. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार हा मेसेज सरकारला खोटा म्हणून जाहीर करावा लागला. शस्त्रसंधीनंतर किराणा हिल्सची गोष्ट आली : भारतानं पाकिस्तानचं अण्वस्त्रांचं कोठार फोडलं, किरणोत्सर्ग होतोय, बोरॉन घेऊन इजिप्तचं विमान आलंय. एअर मार्शल ए. के. भारती यांनी १२ मेच्या पत्रकार परिषदेत साफ सांगितलं की किराणा हिल्सवर हल्ला केलेला नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनंही सांगितलं की पाकिस्तानातल्या कुठल्याच अणुकेंद्रातून गळती झालेली नाही. तरी रील्स चालूच राहिले. पत्रकारिता शिकताना ‘आधी खात्री, मग बातमी’ हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्या रात्री ते कुठं गेलं होतं माहीत नाही. एक विचार करा, अणुकोठार फुटलं ही अफवा तिकडच्या एखाद्या अधिकाऱ्यानं त्या ४५ सेकंदांत खरी मानली असती तर.

लोणारचं माप

अणुबॉम्ब केवढा, हे समजायला आपल्या जिल्ह्याकडे एक माप आहे. लोणारचं विवर. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा उल्कापातानं पडला आणि एका अंदाजानुसार तेव्हा बाहेर पडलेली ऊर्जा ६ मेगाटन स्फोटकांएवढी होती. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा. म्हणजे लोणार झालं ४०० हिरोशिमा. भारत-पाकिस्तानकडची अस्त्रं यापुढे किरकोळ वाटतील.

पण हे माप फसवं आहे. हिरोशिमात खड्डा पडलाच नाही. तो बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फोडला होता. शहर गेलं ते स्फोटानं, उष्णतेनं, किरणोत्सर्गानं आणि त्यानंतर लागलेल्या आगीनं. १९४५ संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. लोणारला जळायला शहर नव्हतं. कराची, लाहोर, दिल्ली, मुंबईत मात्र कोट्यवधी माणसं, प्लॅस्टिक, पेट्रोल, डांबर, फर्निचर आहे. ते जळलं की काळी काजळी ढगांच्याही वर जाते, आणि तिथं पाऊस नसल्यामुळं ती धुऊन खाली येत नाही.

इथून पुढे बुलढाणा यादीत येतो.

२०१९मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात ओवेन ब्रायन टून, अॅलन रोबॉक आणि इतर शास्त्रज्ञांचा अभ्यास आला. त्यांनी भारत-पाकिस्तान अणुयुद्ध कल्पून गणित मांडलं होतं आणि त्यासाठी वर्ष धरलं होतं, योगायोग बघा, २०२५. सुरुवातही एका दहशतवादी हल्ल्यानं. त्यांचं उत्तर : बॉम्ब किती मोठे यावर अवलंबून ५ कोटी ते साडेबारा कोटी मृत्यू, तेही थेट हल्ल्यानं. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. शिवाय १ कोटी ६० लाख ते ३ कोटी ६० लाख टन काजळी वर जाणार, पृथ्वीवर पोचणारा सूर्यप्रकाश २० ते ३५ टक्क्यांनी घटणार, तापमान २ ते ५ अंशांनी उतरणार आणि पाऊस १५ ते ३० टक्क्यांनी कमी होणार. सावरायला दहा वर्षांहून जास्त. २०२२मध्ये ‘नेचर फूड’मधल्या दुसऱ्या अभ्यासानं पुढचा हिशेब केला : अशा युद्धानंतरच्या उपासमारीत जगभर दोन अब्जांहून जास्त माणसं मरू शकतात.

हे आकडे सगळ्यांना मान्य नाहीत. अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये म्हटलं होतं की एवढी काजळी इतक्या वर जाणारच नाही. वाद चालू आहे. समजा ते बरोबर आहेत आणि परिणाम निम्माच होतो. तरी जगाची सरासरी घसरते तेव्हा आपल्या तालुक्यात काय होतं?

ते आपल्याला कॉम्प्युटर मॉडेलशिवाय माहीत आहे. जिल्ह्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. जून कोरडा गेला की दुबार पेरणी, म्हणजे बियाणं दोनदा, खत दोनदा, उसनवारी दोनदा. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलावर असताना पावसानं तीन आठवडे ताण दिला की शेंगा भरत नाहीत. खडकपूर्णा भरलं नाही की देऊळगावराजाकडे रब्बीचं पाणी संपलं. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत आपलं नाव आहे, ते एखाद-दोन वर्षांच्या अशा फटक्यांनी. इथं दहा वर्षांची गोष्ट चालू आहे. आणि ‘बाहेरून धान्य येईल’ हा उपाय त्यात नाही, कारण बाहेरही हेच असणार.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल आखून धान्यं मांडायची, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यावर घागर, आणि देशाच्या राजाचा पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय जागेवर आहे ते पाहून भाकीत. अंनिसचा याला विरोध आहे आणि मलाही त्या भाकितावर पेरणी करणं पटत नाही. पण मांडणी बघण्यासारखी आहे. पाऊस, पीक, राजा, देशाचं संरक्षण हे सगळं त्यात एकाच गोलात असतं. २०२५ची घटमांडणी ३० एप्रिलला झाली, पहलगामनंतर आठ दिवसांनी.

ब्रेक कुठं आहेत?

अगदीच नाहीत असं नाही. दोन्ही देशांच्या लष्करी महासंचालकांमध्ये हॉटलाइन आहे, १० मेला संवाद तिथूनच झाला. ३१ डिसेंबर १९८८ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात करार झाला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यानुसार १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. २००२मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती, तेव्हाही यादी दिली गेली. २०२६च्या १ जानेवारीलाही दिली गेली. व्हिसा बंद, व्यापार बंद, सिंधू करार स्थगित, पण हा कागद चालू. टीव्हीवर याची बातमी मिनिटभरही चालत नाही.

क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायच्या आधी एकमेकांना कळवायचं, असाही करार २००५मध्ये झाला. तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. मियां चन्नूला पडलेलं ब्रह्मोस क्रूझ आहे, नूर खानच्या दिशेनं गेलेलंही क्रूझच. त्यांचा या करारात समावेश नाही.