साधनाची ओळख

सुतारकाम शिकू लागलेला मुलगा पहिल्या दिवशी करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट ही हत्यारे हाताळून पाहतो. कोणते हत्यार कापते, कोणते तासते आणि कोणते भोक पाडते, हे त्यास डोळ्यांनी दिसते. त्याने भलतेच हत्यार उचलले, तर शेजारी बसलेला मिस्त्री त्यास लागलीच थांबवितो. परंतु ज्याला डोळे नाहीत, हात नाहीत आणि सांगावयास जवळ कोणी मिस्त्रीही नाही, अशा शिकाऊ कारागिराने हत्यारे कशी ओळखावीत? आजच्या संगणकशास्त्रापुढे असाच एक प्रश्न उभा आहे.

अफाट मजकुराच्या अभ्यासातून भाषा शिकलेल्या संगणकीय रचनेस 'भाषा-प्रतिमान' असे म्हणतात. ते शब्दांची जुळणी उत्तम करते. परंतु आजचे हवामान पाहणे किंवा ग्रंथालयाची यादी चाळणे ही कामे त्यास एकट्याने साधत नाहीत. त्यासाठी ती कामे करणारे छोटे छोटे संगणक-कार्यक्रम त्याच्या हाताशी देतात. या कार्यक्रमांना 'साधने' म्हणतात आणि त्यांच्या साहाय्याने पायरीपायरीने काम पार पाडणाऱ्या यंत्रणेस 'एजंट' म्हणतात. जून २०२३ मध्ये ओपनएआय या संस्थेने आपल्या प्रतिमानांना अशी साधने जोडण्याची सोय खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या संस्थेने साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत प्रसिद्ध केली. तिचे नाव 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'.

साधनाच्या आत काय चालते, हे एजंटाला सामान्यतः दिसत नाही. त्याच्यापुढे येतात त्या तीनच गोष्टी : साधनाचे नाव, त्याचे थोडक्यात वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी याची यादी. एवढ्यावरून कोणते साधन वापरावे, हे त्यास ठरवावे लागते. म्हणून वर्णनातील एक सैल शब्दही मोठा घोटाळा करू शकतो.

अशी कल्पना करावी, की एका शाळेच्या ग्रंथालयात असा एजंट नेमला आहे. त्याच्या एका साधनाचे वर्णन आहे, 'पुस्तकाची नोंद काढतो.' आता मराठीत 'काढणे' या शब्दाचे अर्थ अनेक. चित्र काढले म्हणजे ते नव्याने तयार होते. काटा काढला म्हणजे तो नाहीसा होतो. आणि कपाटातून वही काढली म्हणजे ती केवळ बाहेर येते. हे साधन मुळात नोंद पुसून टाकणारे आहे. एका विद्यार्थिनीने विचारले, "हे पुस्तक ग्रंथालयात आहे काय?" एजंटाने वर्णन वाचले, नोंद पाहण्यासाठी तेच साधन वापरले आणि पुस्तकाची नोंद कायमची गेली! यात एजंटाने आज्ञाभंग केला नाही. दोष त्या वर्णनाचा होता.

तेच वर्णन असे लिहिता आले असते : 'ग्रंथालयाच्या यादीतून एका पुस्तकाची नोंद कायमची पुसतो. पुसलेली नोंद परत मिळत नाही. पुस्तक आहे की नाही हे पाहावयाचे असल्यास हे साधन वापरू नये. "पुस्तक शोधा" हे वापरावे.' साधन काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये आणि त्याचा परिणाम काय, हे सारे या चार वाक्यांत आले.

पुरवावयाची माहितीही नेमकी सांगावी लागते. '५/६' ही तारीख आपल्याकडे पाच जून होते, तर अमेरिकेत सहा मे. म्हणून 'आधी वर्ष, मग महिना, मग दिवस' असे स्पष्ट लिहून एक नमुना द्यावा. शोधलेली वस्तू सापडली नाही, तर साधन कोणते उत्तर देईल, हेही नमूद करावे. नाही तर रिकामे उत्तर पाहून एजंट भलताच तर्क करील.

अर्थात, वर्णन चांगले असून भागत नाही. ते खरेही असले पाहिजे. ११ डिसेंबर १९९८ रोजी नासा या अमेरिकी संस्थेने 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाकडे धाडले. पृथ्वीवरील एका संगणक-कार्यक्रमाने यानाला मिळालेल्या रेट्याचे आकडे न्यूटन-सेकंदांत द्यावेत, असे ठरले होते. प्रत्यक्षात ते पौंडांच्या मापात दिले गेले. या दोन मापांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरांवरून जावयाचे यान अवघ्या ५७ किलोमीटरांपर्यंत खाली गेले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी कायमचे हरपले. कागदावर एक आणि कृतीत दुसरे, याचे ते फळ होते.

म्हणून जाणते कारागीर वर्णन लिहून स्वस्थ बसत नाहीत. ते एजंटाला निरनिराळी कामे देऊन पाहतात, तो कोठे अडखळतो हे टिपतात आणि तेवढेच शब्द सुधारतात. वर्णन फार लांबविणेही ते टाळतात. कारण फापटपसाऱ्यात महत्त्वाची सूचना हरवते. आपल्याला जे सहज ठाऊक आहे, ते वाचणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवून जो लिहितो, त्याचेच लेखन दुसऱ्याच्या उपयोगी पडते. मग वाचणारा माणूस असो वा यंत्र.