मिठाई आणि कोशर आहारनियम : एक विवेचन

प्रस्तावना
यहुदी धर्मशास्त्राने ग्राह्य ठरविलेल्या अन्नास 'कोशर' असे म्हणतात. मिठाईत मांस नसते, सबब ती आपोआपच कोशर ठरते, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. हा समज कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांचे स्वरूप
या नियमांचा मूलाधार तोराहमध्ये, विशेषतः लेवीय (अध्याय 11) व अनुवाद (अध्याय 14) या ग्रंथांत आहे. डुक्कर, कवचधारी जलचर व बहुतांश कीटक त्यात निषिद्ध मानले आहेत. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोराहमध्ये तीन ठिकाणी येते. तिच्यावरून मांस व दूध एकत्र न करण्याचा व्यापक नियम विकसित झाला. त्यानुसार अन्नाचे मांसयुक्त, दुग्धयुक्त व 'पारवे', म्हणजे दोहोंत न मोडणारे, असे तीन वर्ग पडतात. मांसाहारानंतर दुग्धजन्य पदार्थ खाण्यापूर्वी अनेक कुटुंबांत सहा तास थांबण्याची प्रथा आहे.

घटकांचा विचार
साखर, गूळ व नारळ हे मुळात पारवे होत. मधमाशी निषिद्ध असली तरी मध ग्राह्य आहे. कारण तो फुलांतील रसापासून बनतो, असे धर्मशास्त्र मानते. याउलट, चघळण्याच्या गोळ्यांतील जिलेटिन डुकरापासून मिळविलेले असल्यास, किंवा लाल रंग कोचिनियल किड्यापासून काढलेला असल्यास, तो पदार्थ प्रमुख प्रमाणन संस्था कोशर मानत नाहीत. पेढा, बर्फी, तसेच साजूक तुपातील शिरा हे दुग्धयुक्त वर्गात मोडतात. मांसाच्या जेवणानंतर ते लगेच चालत नाहीत. पारंपरिक चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या थरांत कुटला जात असल्याने त्याविषयीही प्रश्न उपस्थित होतो.

शाकाहार आणि कोशर
भारतीय वेष्टनावरील हिरव्या चिन्हामुळे जिलेटिन व किड्यापासूनचा रंग यांची शंका दूर होते. तथापि पदार्थ कोणत्या भांड्यांत शिजला, त्यावर धार्मिक देखरेख होती काय, हे ते चिन्ह सांगत नाही. उलटपक्षी, अंड्याचा केक भारतीय नियमांनुसार मांसाहारी गणला जातो. कोशर व्यवस्थेत मात्र अंडे पारवे आहे. म्हणजेच या दोन व्यवस्थांच्या कसोट्याच भिन्न आहेत.

बेने इस्रायल समाजाची परंपरा
कोकणातील बेने इस्रायल समाजाने या नियमांना स्थानिक सामग्रीची जोड दिली. रोश हशाना या नववर्षाच्या सणाला केला जाणारा चिकाचा हलवा गव्हाचा चीक, साखर व नारळाचे दूध यांपासून बनतो. गाई-म्हशीचे दूध टाळल्यामुळे तो मांसाच्या जेवणानंतरही खाता येतो. मात्र गव्हामुळे तोच हलवा वल्हांडण सणात वर्ज्य ठरतो. एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणार्थ केला जाणारा मलिदा पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा असतो. त्यातही दूध नसते.

निष्कर्ष
सारांश, मिठाई कोशर आहे किंवा नाही, याचे उत्तर तिच्या नावावरून देता येत नाही. घटक, भांडी, देखरेख, जेवणातील क्रम व सण यांवर ते अवलंबून असते. म्हणून महाविद्यालयीन समारंभात यहुदी पाहुण्यास 'हे शाकाहारीच आहे' असा आग्रह करण्याऐवजी घटक स्पष्ट सांगावेत, अखंड फळे ठेवावीत व निर्णय त्यांच्यावर सोपवावा. खरे आदरातिथ्य त्यातच आहे.