समुद्री शेवाळ सातासमुद्रापार पोहोचतं कसं, आणि जव्हार-मोखाड्याचा पाऊस त्याच्या आड येतो कसा?

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले डोंगरी तालुके. समुद्र इथून पश्चिमेला साधारण साठ किलोमीटरवर. इथे शेवाळ म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो पावसाळ्यात दगडी पायरीवर धरणारा निसरडा हिरवा थर. समुद्री शेवाळाशी या डोंगरांचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध दोन आहेत: एक खडकाचा आणि दुसरा पाण्याचा.

आधी खडकाचं पाहू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. जव्हारचं पठार त्याचंच. हाच काळा दगड डहाणूजवळ वाढवणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उघडा पडतो. समुद्री शेवाळाला मुळं नसतात. बुडाशी असलेल्या पंजासारख्या भागाने ते खडकाला घट्ट चिकटतं आणि अन्न थेट पाण्यातून घेतं. त्यामुळे वाळू किंवा चिखल त्याच्या फारसा कामाचा नाही. त्याला हवा दगड.

हिरवं, तांबडं आणि तपकिरी असे त्याचे तीन मोठे गट आहेत, पण ही एकाच घरातली भावंडं नव्हेत. हिरवं शेवाळ आपल्या झाडाझुडपांच्या नात्यातलं. तपकिरी शेवाळ त्यांच्यापासून इतकं दूरचं, की डायटम नावाचे सूक्ष्म जीव त्याला जास्त जवळचे.

वाहत गेलं म्हणून पोहोचलं, असं नाही

समुद्र सगळीकडे जोडलेला आहे, तेव्हा शेवाळही सगळीकडे पोहोचत असेल असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक प्रजाती फार वाईट प्रवासी असतात. त्यांचे बीजाणू काही तास, फार तर काही दिवस तग धरतात. तेवढ्यात खडक मिळाला नाही तर खेळ संपला. अनेकदा पुढची पिढी आईबापांपासून काही मीटरवरच रुजते.

लांबचा पल्ला गाठणाऱ्यांच्या युक्त्या वेगळ्या. सरगॅसम या तपकिरी शेवाळाच्या फांद्यांना हवेचे छोटे फुगे असतात. लाटांनी तुटलेली फांदी आठवडेच्या आठवडे तरंगत राहते. अटलांटिकमधल्या काही सरगॅसम प्रजातींना तर खडकही लागत नाही. त्या आयुष्यभर तरंगतात आणि तुकडे होऊन वाढतात. २०१८च्या जूनमध्ये त्यांचा पट्टा आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ८,८५० किलोमीटर पसरला होता आणि त्याचं वजन २ कोटी टनांहून जास्त होतं.

कॉलर्पाची गंमत त्याहून न्यारी. पानं, खोड आणि मुळं असल्यासारखं दिसणारं हे हिरवं शेवाळ म्हणजे असंख्य केंद्रकं असलेली एकच पेशी असते. तिचा बारीकसा तुकडा पडला तरी नवं शेवाळ उभं राहतं.

आता नव्या प्रजाती कशा घडतात ते पाहा. एकाच प्रजातीचे दोन गट एकमेकांपासून तुटले की दोन्हीकडे जनुकांतले बदल वेगवेगळे साठत जातात. पुरेसा काळ गेला की त्यांचं नातं उरतं, पण ओळख बदललेली असते. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र आणि हिंदी महासागर यांच्यातली वाट जमिनीने अडवली. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी पट्टी वर आली आणि अटलांटिक व प्रशांत महासागरांचं उबदार पाणी एकमेकांना पारखं झालं. प्रवाळांजवळ वाढणाऱ्या, चुनखडीचं अंग असलेल्या हॅलिमीडाचा डीएनए तपासला तेव्हा ही ताटातूट त्यात स्पष्ट दिसली. त्याच्या प्रत्येक मोठ्या शाखेची एक फांदी अटलांटिकमध्ये आणि दुसरी हिंदी-प्रशांत पट्ट्यात निघाली.

नुसत्या डोळ्यांवर मात्र विसंबू नये. एकच शेवाळ शांत पाण्यात एक रूप घेतं आणि लाटांच्या माऱ्यात दुसरं. नळीसारखं हिरवं शेवाळ एंटरोमॉर्फा या वेगळ्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २००३ साली डीएनएवरून ते पानासारख्या उल्वातच मोडतं हे ठरलं आणि पाठ्यपुस्तकातलं एक नाव गेलं.

गोड्या पाण्याची भिंत

आता दुसरा संबंध. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि मोखाड्यातून पुढे जाते. जव्हारकडचं पाणी पिंजाळ आणि सूर्या या नद्या तिच्यात आणून सोडतात. डोंगरावर पडणारा शेकडो सेंटिमीटर पाऊस चार महिन्यांत गाळासह अर्नाळा-दातिवऱ्याजवळ समुद्राला मिळतो. तिथलं पाणी एकदम कमी खारट आणि गढूळ होतं. शेवाळाला मीठ हवं आणि उजेडही हवा, पण त्या दिवसांत दोन्ही मिळत नाहीत. उल्वासारख्या काटक प्रजाती निभावून नेतात. नाजूक प्रजातींना खाडीचं मुख ओलांडून पलीकडचा खडक गाठणं अवघड जातं. पनामाची पट्टी कायमची, ही भिंत दरवर्षी उभी राहते आणि विरते, एवढाच फरक. त्यात पावसाळी लाटा खडक खरवडून काढतात, म्हणून आपल्या किनाऱ्यावर शेवाळाचा खरा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो.

माणसाने उघडलेल्या वाटा

या भिंती आता आपणच ओलांडून देतो. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातले जीव भूमध्य समुद्रात शिरू लागले. त्यात शेवाळंही होती. जहाजाच्या बुडाला चिकटून आणि तोल सांभाळण्यासाठी टाकीत भरलेल्या पाण्यातून जीव महासागर ओलांडतात. १९८४ साली मोनॅकोच्या मत्स्यालयाखाली कॉलर्पाचा लहानसा ठिपका दिसला आणि पुढे तो भूमध्य किनाऱ्यावर हजारो हेक्टर पसरला. तेच शेवाळ २००० साली कॅलिफोर्नियात सापडलं. तिथे ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारलं, पण त्याला सहा वर्षं आणि ७० लाख डॉलरहून जास्त खर्च लागला.

आपल्याकडचं उदाहरण कप्पाफायकसचं. फिलिपिन्सकडचं हे तांबडं शेवाळ १९८०च्या दशकात लागवडीसाठी भारतात आणलं गेलं. त्यातून निघणारा कॅराजीनन आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत वापरतात. तमिळनाडूत त्यावर अनेक महिलांचं घर चाललं. २००८ साली मात्र मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर चढलेलं आढळलं. लागवड बंद करा, असं मी म्हणणार नाही. पण प्रवाळांजवळ ती करणं मला जुगार वाटतो.

हे सगळं पालघरला आज लागू होतं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याची नियोजित क्षमता वर्षाला २९.८ कोटी टन आहे. मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेवाळापुरतं बोलायचं तर इथे भराव पडेल आणि जगभरची जहाजं येतील. टाकीतल्या पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २०१७पासून अमलात आहे, पण त्यातून बुडाला चिकटलेले प्रवासी सुटतात.

बाहेरून काय आलं हे ओळखायचं तर आधी इथे काय होतं याची यादी हवी. डॅनिश संशोधक फ्रेडरिक बर्गेसेन यांनी १९३०पासून मुंबई इलाख्यातल्या शेवाळांवर लेखमाला लिहिली. तेव्हा डीएनए तपासणी नव्हती. आज ती आहे, आणि वाढवणच्या खडकावर नमुने घ्यायला दरवर्षी पाऊस सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे काही महिने मिळतात.