परसबागेचा वसंत थंडीतच सुरू करावा

परभणी जिल्ह्यात पौष-माघ महिन्यांतील पहाट बोचऱ्या थंडीची असते. उत्तरेचे कोरडे वारे वाहू लागले आणि आकाश निरभ्र राहिले म्हणजे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. डिसेंबर 2018 मध्ये परभणी येथे किमान तापमान 5 अंश सेल्सियसच्याही खाली उतरले होते. याउलट मे महिन्यात हाच पारा 42 अंशांपुढे जातो. या दोन टोकांच्या मधला सौम्य काळ जेमतेम सहा ते आठ आठवड्यांचा असतो. उन्हाळी परसबागेचे यशापयश या थोड्या आठवड्यांवर अवलंबून असते.

पुष्कळ घरी थंडी पूर्णपणे ओसरल्यावर, म्हणजे होळीच्या सुमारास, बी टोकण्याची पद्धत आहे. तेव्हा लावलेला वेल मांडवावर चढेपर्यंत वैशाखाचे ऊन सुरू होते, फुले गळतात आणि विहिरीचे पाणीही आटू लागते. घाईने डिसेंबरअखेर उघड्या वाफ्यात बी टाकले तर ते थंड मातीत पडून राहते व कुजते. दोन्ही रीतींनी बियाणे, श्रम आणि पाणी वाया जाते. यावर उपाय एकच आहे. बाग उन्हाळ्याची असली तरी तिची सुरुवात थंडीतच, परंतु आडोशाला करावी.

हे श्रम कशासाठी

चैत्र-वैशाखात बाजारातील भाजी महाग होते आणि शेतमजुराच्या घरी कालवण पातळ होऊ लागते. ज्या दिवसांत ताज्या भाजीची गरज अधिक, त्याच दिवसांत ती ताटातून नाहीशी होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात भाज्या व फळे मिळून सुमारे 500 ग्रॅम असावीत. पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब रोजचा अडीच किलोच्या घरात जातो. एवढे सर्व विकत घेणे थोड्याच घरांना परवडते. परसबाग ही गरज पूर्णपणे भागवील असे नाही. तथापि भेंडी, दोडका, दुधी, चवळी आणि एखादी पालेभाजी घरची असली तर मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या ताटात भाजीचा खंड पडत नाही.

बियाण्यास ऊब का हवी

सर्वच बी थंडीला भिते असे नाही. मेथी, पालक, कोथिंबीर व मुळा हे थंड मातीतही रुजतात. भेंडी, काकडी, दुधी, दोडका, कारली ही मूळची उष्ण हवामानातील पिके आहेत. मातीचे तापमान 18 ते 20 अंशांच्या खाली असता त्यांचे बी पाणी शोषून फुगते, पण कोंब जोर धरीत नाही आणि बुरशीला आयतेच भक्ष्य मिळते. परभणीची काळी जमीन ओल धरून ठेवते. ओली जमीन तापण्यास वेळ लागतो. म्हणून थंडीत सपाट काळ्या वाफ्यापेक्षा उंच, भुसभुशीत गादीवाफा लवकर ऊब धरतो.

ज्या प्रदेशांत हिवाळा कडक असतो तेथे हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरतात. लडाखमध्ये बर्फाच्या दिवसांत जमिनीत खंदक खणून त्यावर पारदर्शक कापड पसरतात. जमिनीची ऊब आणि दिवसाचे ऊन यांच्या जोरावर त्यात भाजी पिकवितात. लेह येथे 1962 साली स्थापन झालेल्या संरक्षण संशोधन केंद्राने अशा शेतीवर पुष्कळ काम केले आहे. परभणीत बर्फ पडत नाही आणि दुपारचे ऊन भरपूर असते. त्यामुळे येथे केवळ रात्रीची आठ-दहा तासांची थंडी अडविली तरी काम भागते.

रोपे तयार करणे

मकरसंक्रांतीच्या सुमारास वेलवर्गीय भाज्यांची रोपे तयार करण्यास घ्यावी. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण चाळून घ्यावे. ते दुधाच्या रिकाम्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या किंवा पळसाच्या पानांचे द्रोण यांत भरावे. तळाला भोक पाडण्यास विसरू नये. वेलांच्या मुळांना हलविलेले सोसत नाही. म्हणून प्रत्येक रोपास स्वतंत्र भांडे असणे आवश्यक आहे.

दुधी व दोडक्याचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधावे आणि चुलीपासून हातभर अंतरावर ठेवावे. कारल्याचे कवच टणक असल्याने त्यास अधिक दिवस लागतात. कोंब दिसताच बी दोन सेंटिमीटर खोल लावावे. भांडी दक्षिण किंवा पूर्व दिशेच्या भिंतीलगत ठेवावीत. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. उत्तरेच्या बाजूस तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड उभा करावा. सूर्यास्तापूर्वी वरून गोणपाट किंवा कडब्याचे छप्पर घालावे व सकाळी ऊन पडताच ते काढावे. प्लॅस्टिकचे कापड वापरल्यास दिवसा ते उघडणे अगत्याचे आहे. दुपारी पारा 28 ते 30 अंशांवर जात असल्याने बंद कापडाखाली कोवळी रोपे होरपळतात.

पाणी सकाळी उन्हे आल्यावर द्यावे. विहिरीचे ताजे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते, रांजणातील शिळे पाणी मात्र थंड असते. सायंकाळी माती चिंब करू नये; त्यामुळे रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

भेंडीची गोष्ट वेगळी

भेंडीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून तिचे रोप उपटून लावू नये. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्रीची थंडी कमी होताच बी सुमारे बारा तास भिजवून थेट वाफ्यात टोकावे. दोन ओळींत 30 सेंटिमीटर व दोन झाडांत 20 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे. अशी भेंडी सुमारे 45 ते 50 दिवसांत, म्हणजे गुढीपाडव्याच्या आसपास, तोडणीस येते. होळीनंतर लावलेली भेंडी मे महिन्याच्या कडक उन्हात सापडते.

भेंडीच्या बाबतीत या जिल्ह्याचे नाव देशभर पोचलेले आहे. परभणी येथे 1972 साली कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच विद्यापीठाने ऐंशीच्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या हळद्या रोगास तोंड देण्यासाठी हा वाण तयार करण्यात आला. तो संकरित नसल्याने निरोगी झाडांवरील शेंगा वाळवून पुढील वर्षासाठी घरचे बी राखता येते. कालांतराने या वाणावरही काही ठिकाणी रोग आढळू लागला आहे. म्हणून पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसताच ते उपटून नष्ट करावे आणि अशा झाडाचे बी कधीही राखू नये.

लागवड व पुढील निगा

रोपांना तीन-चार पाने आली, म्हणजे साधारणतः तीन ते चार आठवडे झाले की ती आळ्यात लावावीत. त्यापूर्वी आठवडाभर आडोसा थोडा थोडा कमी करून रोपांस उघड्या हवेची सवय लावावी. प्रत्येक आळ्यात एक टोपली कुजलेले शेणखत घालावे. ताजे शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे जळतात व वाळवीही येते. दोन आळ्यांत दीड ते दोन मीटर अंतर असावे.

कोवळ्या वेलांवर तांबडे भुंगेरे येतात. थंड पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पुढे मावा किंवा पांढरी माशी दिसल्यास 5 टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा.

पहिली फुले नराची असतात. त्यांस फळ धरत नाही म्हणून घाबरून जाऊ नये. मादी फुलाखाली इवलेसे फळ दिसते. मधमाश्या कमी असल्यास नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलास हलकेच लावावेत. काकडी व कारल्यासाठी हे काम सकाळी, तर दुधी व दोडक्यासाठी सायंकाळी करावे, कारण त्यांची फुले त्या त्या वेळी उमलतात.

मार्चच्या मध्यापासून आळ्यांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. आंघोळीचे व भाज्या धुतल्याचे पाणी बागेकडे वळवावे. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र टाळावे. पाण्याची ओढ असलेल्या गावी मोठ्या बागेचा हव्यास धरू नये. दोन आळी दोडका, एक आळे दुधी आणि भेंडीचा एक वाफा एवढेच नीट जगवावे.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाची सभा फाल्गुनात घेऊन उपयोग नाही; ती मार्गशीर्षात घ्यावी. बचत गटातील पाच-सहा घरे निवडून एकाच भिंतीच्या आडोशाला सर्वांची रोपे एकत्र तयार करावीत. गोणपाट झाकण्या-उघडण्याची पाळी वाटून घेतली म्हणजे एकाच बाईवर भार पडत नाही. त्याच गावात एका वाफ्यात होळीनंतरही बी टोकून ठेवावे. चैत्रात एका वाफ्यातून भेंडी तोडली जात असताना दुसऱ्यात नुकती पाने फुटलेली दिसतील. हा फरक शेजाऱ्यांना दाखविला की पुढल्या संक्रांतीस त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.