दीडपट व्होल्टेज, सव्वादोन पट धग

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

मी पनवेलचा. सारी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी ‘सर, एक शंका आहे’ म्हटलं की पाय थांबतात आणि खिशातलं पेन आपोआप हातात येतं. या सवयीपायी मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. गणित बरोबर सुटलं, पण उत्तर अर्धंच दिलं गेलं. राहिलेलं अर्धं आज तुम्हाला सांगणार आहे.

झालं असं. संध्याकाळी वडाळे तलावाकाठी फेरी मारत होतो. आमच्या सोसायटीतला एक मुलगा भेटला. शाळेत असताना माझ्याकडे गणिताला यायचा, आता इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला आहे. म्हणाला, “सर, एक डाउट आहे. दोन ओहमची कॉइल आहे. तिला आधी ३.२ व्होल्ट दिले आणि मग ४.८ दिले, तर हीटमध्ये किती फरक पडेल?”

मला बरं वाटलं. बाकावर बसलो आणि वाण्याच्या बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. व्होल्टेजचा वर्ग करायचा, त्याला रोधानं भागायचं. पहिलं उत्तर आलं सुमारे ५ वॉट, दुसरं साडेअकरा. म्हटलं, “बघ, व्होल्टेज दीडपट केलंस, पण उष्णता झाली सव्वादोन पट. दीड गुणिले दीड सव्वादोन. वर्गाची गंमत असते ही!”

“तरीच सर,” तो म्हणाला, “४.८ वर एवढा धूर येतो!” आणि त्यानं खिशातून जाड पेनासारखी एक वस्तू काढून दाखवली. तिच्या बुडाशी फिरवायचं चाक होतं आणि त्यावर ३.२ पासून ४.८ पर्यंतचे आकडे. ती ई-सिगारेट होती. मी काही बोलणार एवढ्यात त्याला मित्रांची हाक आली आणि तो गेलाही. मी मात्र अस्वस्थ होऊन घरी आलो. चाक वर का फिरवावं, हे जणू मीच त्याला समजावून दिलं होतं.

ही वस्तू चालते कशी, ते आधी पाहू. डास पळवायचं यंत्र आपण घरोघरी प्लगला लावतो. खाली बाटलीत द्राव, त्यात बुडालेली वात आणि वर तापणारा भाग. ई-सिगारेट त्याच कुळातली. तिच्यात छोटी लिथियम बॅटरी असते, तारेचं बारीक वेटोळं म्हणजे कॉइल असते आणि कॉइलला चिकटून द्रावात भिजलेली वात असते. डासांचं यंत्र रात्रभर मंद तापतं. हे मात्र बटण दाबलं किंवा झुरका घेतला की दोन-तीन सेकंदांत तापतं आणि त्यातून जे निघतं ते थेट छातीत जातं.

द्राव असतो प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचा. त्यात सुगंध आणि बहुतेक वेळा निकोटीन मिसळलेलं असतं. आजच्या ई-सिगारेटचं श्रेय चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांना देतात. साल २००३. ते स्वतः सिगारेट ओढत. तंबाखू न जाळता निकोटीन मिळावं, हा त्यांचा हेतू. इथे जळत काहीच नाही, म्हणून ओढणारे ‘ही नुसती वाफ’ असं म्हणतात. खरं तर ते धुक्यासारखे बारीक थेंब असतात.

आता चाक वर फिरवलं की काय होतं? कॉइल तीच, म्हणजे रोध तोच. व्होल्टेज वाढलं की तारेतून प्रवाह जास्त जातो आणि उष्णता वर्गाच्या हिशेबानं वाढते. द्राव भराभर उकळतो. धूर दाट येतो, झुरका गरम लागतो, घशाला जोरात बसतो आणि त्याच झुरक्यात निकोटीनही जास्त पोचतं. बॅटरी लवकर उतरते, द्राव लवकर संपतो. तेव्हा ‘४.८ वर जास्त मजा येते’ हे त्या मुलाचं म्हणणं त्याच्या परीनं खोटं नव्हतं. निकोटीनचा डोस वाढला की मेंदूला मजा वाटणारच. त्यातूनच पुढे सवय घट्ट होते.

पण वीज वाढली म्हणून द्राव पुरवणाऱ्या वातीचा वेग वाढत नाही. माझ्या गणितात जे राहिलं होतं, ते हेच.

स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवलंय. गॅस कितीही मोठा करा, पाणी आहे तोवर पातेलं करपत नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी आटलं की मात्र दोन मिनिटांत पातेलं काळं पडतं. कॉइलचंही तसंच आहे. वात ओली आहे तोवर तिचं तापमान द्रावाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहतं. प्रॉपिलिन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना. व्होल्टेज वाढवलं, झुरका लांबवला किंवा एकामागोमाग झुरके घेतले की वात कॉइलपाशी कोरडी पडू लागते. मग जास्तीची उष्णता वाफ करण्यात जात नाही, ती उरलेल्या द्रावाचे रेणू मोडते.

मोडून तयार काय होतं? ग्लिसरीनपासून ॲक्रोलीन होतं. ते तुमच्या ओळखीचं आहे. फोडणीचं तेल फार तापलं की डोळ्यांना झोंबणारा आणि ठसका आणणारा धूर येतो ना, त्यात हेच असतं. दुसरं म्हणजे फॉर्माल्डिहाइड. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक, साप ज्या फॉर्मालिनमध्ये ठेवलेले असत, ते म्हणजे याचंच पाण्यातलं द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

व्होल्टेजचा आणि याचा संबंध संशोधकांनी मोजलेला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमके ३.२ आणि ४.८ व्होल्ट हेच आकडे होते. व्होल्टेज वाढवल्यावर फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲसिटोन यांचं प्रमाण द्रावाप्रमाणे चौपटीपासून दोनशे पटींहूनही जास्त वाढलेलं आढळलं. म्हणजे उष्णता सव्वादोन पट, आणि विषारी पदार्थ मात्र दोनशे पटींपर्यंत! माझं साधं वर्गाचं गणित इथे तोकडं पडलं. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, की ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड देणारे पदार्थ सापडले नाहीत, ५ व्होल्टवर मात्र ते भरपूर सापडले.

यावर वादही झाला, तोही सांगायला हवा. ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ फार्सालिनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं, की इतकं प्रमाण वात कोरडी पडल्यावर येतं. अशा झुरक्याची चव इतकी करपट लागते, की माणूस तो ओढणारच नाही. त्यांचा मुद्दा वजनदार आहे. पण त्याचा अर्थ असा, की यंत्र कुठे थांबवायचं हे ओढणाऱ्याच्या जिभेवर आणि घशावर सोडलेलं आहे. दुसरा कुठलाही मीटर नाही. आणि त्या जिभेला फसवण्यासाठी आंबा, स्ट्रॉबेरी, मिंट असे वास द्रावात घातलेलेच असतात.

काही दिवसांनी त्या मुलाला मी मुद्दाम घरी बोलावलं. म्हटलं, “त्या दिवशीचं गणित अर्धं राहिलंय, बस.” पातेल्याचं उदाहरण सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “करपट वास मलाही येतो सर कधी कधी. म्हणून तर मी मिंटचं घेतो.”

थोडं थांबून त्यानं विचारलं, “मग ३.२ वर ठेवलं तर चालेल?”

प्रश्न रास्त होता. चाक खाली आणलं तर द्राव कमी मोडतो, हे खरं. पण निकोटीन तेच राहतं आणि शरीर आपला वाटा मागतंच. धूर पातळ झाला की माणूस झुरका लांबवतो, वरचेवर ओढतो. शिवाय तारेतले धातू आहेतच. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रोज ई-सिगारेट ओढणाऱ्या ५६ जणांची यंत्रं तपासली. अनेक यंत्रांच्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम यांचं प्रमाण काळजी वाटावी इतकं होतं. त्याला सांगितलं, “चाक खाली आणलंस तर जळका भाग कमी होईल. सवय तीच राहील.”

आणखी एक गोष्ट आहे. चाकावरचा आकडा खरा कशावरून? आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं आणि तिची जाहिरात करणं यावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यात विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी पोरांच्या खिशात ती पोचतेच. चोरट्या मालाला ना पावती, ना तपासणी. बाटलीत काय आहे, कॉइल कुठल्या धातूची आहे, बॅटरी किती प्रवाह झेलेल, याची हमी द्यायला कुणी नसतं. अमेरिकेत २०१९-२० मध्ये अशाच चोरट्या द्रावांनी हाहाकार उडवला होता. गांजाच्या अर्काच्या द्रावात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्याचं मुख्य कारण ठरलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले. मृतांचा आकडा होता ६८. तिथे दोष व्होल्टेजचा नव्हता, न पाहिलेल्या बाटलीवर ठेवलेल्या विश्वासाचा होता.

मित्रहो, पनवेलहून लोकलनं निघालं की तिसरं स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही कर्करोगावरची संस्था आहे. हातात फाइलची पिशवी घेऊन उतरणारी माणसं आम्ही रोज पाहतो. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं १९५० मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या संशोधकांनी आकडेवारीनिशी मांडलं. तोवर दोन पिढ्या सिगारेट ओढून झाल्या होत्या. ई-सिगारेट अजून जेमतेम वीस-बावीस वर्षांची आहे. तिचा पुरता हिशेब यायच्या आधीच आपल्या मुलांची फुप्फुसं कामाला लावायची का, एवढंच मी पालकांना विचारतो.

आरडाओरडा करू नका, एवढी विनंती मात्र आहे. मूल प्रश्न विचारतंय तोवर आपल्याला वाट मोकळी आहे. निकोटीन सोडताना चिडचिड होते, झोप उडते, ते आजारपणासारखं समजून घ्यावं लागतं. त्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १८००-११२-३५६. आणि यंत्र टाकून द्यायचं असेल तर कचऱ्याच्या डब्यात नको. लिथियम बॅटरी दबली तर पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडे ती द्यावी.

त्या मुलानं त्या दिवशी फोन नंबर लिहून घेतला, पण वस्तू खिशात ठेवूनच गेला. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. आता तिसरा प्रयत्न चालू आहे. तलावाकाठी भेटला की दुरूनच आकडा सांगतो, किती दिवस झाले त्याचा. परवा १९ होता.